क्षमस्व

रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर बंगळुरूतल्या मराठी मंडळाच्या वधू-वर सूचक विभागाचे अर्ज पसरलेले असतात. इंदिरानगरच्या बाराव्या मेनपासून दोन गल्ल्या आत आमचं घर आहे, आणि हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात त्या गठ्ठ्यात एक अर्ज आला. सुवाच्य अक्षर, निळी शाई. मुलगा इथेच जन्मलेला, इथेच शिकलेला, चांगल्या नोकरीत. फोटोत मोकळं हसणारा. 'अपेक्षा' या रकान्यात त्याच्या आईने लिहिलं होतं : 'भाषेची अट नाही. कन्नड, तमिळ, तेलुगू चालेल. एससी, एसटी क्षमस्व.'

मी अर्जावर क्रमांक घातला आणि तो फायलीला लावला. काही बोलले नाही. ते न बोलणं मला अजून टोचतं आहे, म्हणून हा लेख लिहिते आहे.

त्याच आठवड्यात 'मेड इन हेवन' या मालिकेच्या दुसऱ्या पर्वातला एक भाग मी पुन्हा पाहिला. हे पर्व ऑगस्ट २०२३मध्ये आलं. नीरज घेवान यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या भागात राधिका आपटे पल्लवी मेनके ही मराठी दलित मुलगी उभी करते. पल्लवी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकवते. तिचं लग्न ठरलेलं आहे आणि तिची जात नवऱ्याकडच्या मंडळींपासून लपलेली नाही. कोणी दार अडवत नाही, कोणी आवाज चढवत नाही. ती बौद्ध पद्धतीने लग्न लावू या म्हणते, तेव्हा मात्र सगळे अवघडतात. याची काय गरज आहे, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर येतं. मुलगी चालते, पण ती जिथून आली ते मांडवात दिसलेलं चालत नाही. पुढे पांढऱ्या साडीतली ती नवरी बुद्धवंदनेला बसते. आपल्या पडद्यावर हजारो लग्नं लागली, पण असं लग्न आपण किती वेळा पाहिलं? महाराष्ट्रात अशी लग्नं घरोघर लागतात, तरीही.

निषिद्ध प्रेमाच्या मालिका आपण आवडीने बघतो. त्यांत बहुतेक वेळा दोन भिंती एकच म्हणून दाखवल्या जातात. एक भाषेची, चालीरीतींची. दुसरी जातीची. दोन्हींना 'संस्कृतीतला फरक' असं एकच गोंडस नाव मिळतं. माझं म्हणणं असं आहे की या दोन भिंती वेगळ्या आहेत, आणि हे सांगायला बंगळुरूच्या मराठी माणसाइतका चांगला साक्षीदार मिळणार नाही. पहिली भिंत आपण आपल्याच हातांनी पाडली. दुसरीला मात्र हात लावलेला नाही.

पहिली कशी पडली ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. आपल्याकडे गुढी उभारली की शेजारी उगादी असते. आपल्या पुरणपोळीची ताटली त्यांच्याकडे जाते आणि त्यांच्या ओब्बट्टूची आपल्याकडे येते. मंडळातल्या कित्येक घरांत कन्नड सुना आहेत, तमिळ जावई आहेत. मुंडावळ्या बांधलेल्या नवरीच्या गळ्यात ताळी पडली आणि कोणाचं काही बिघडलं नाही. काशीयात्रेला निघालेल्या जावयाच्या डोक्यावरची छत्री पाहायला आपण कौतुकाने पुढे सरकतो. पंगतीत मसालेभाताशेजारी बिसिबेळे भात वाढला जातो. याच शहरात एका मराठी घरात वाढलेले शिवाजीराव गायकवाड बस कंडक्टर होते. पुढे ते रजनीकांत झाले आणि १९८१मध्ये त्यांनी तमिळ अय्यंगार घरातल्या लता यांच्याशी लग्न केलं. 'आपला मराठी माणूस' म्हणून त्यांचा उल्लेख करताना आपल्यापैकी कोणाला त्या लग्नात काही खटकलं आहे का?

आता या सगळ्या आंतरभाषिक लग्नांकडे जरा जवळून पाहा. देशस्थ घरात कन्नड माध्व सून आली की पहिलं वाक्य येतं, 'तशी आपल्यातलीच आहे.' भाषा वेगळी, लिपी वेगळी, माहेर शिमोग्याचं, तरी ती 'आपल्यातली'. आणि मुलाने आपल्याच गावची, आपलीच बोली बोलणारी, त्याच शाळेत शिकलेली, पण दुसऱ्या आळीतली मुलगी आणायची म्हटली, तर त्याच घरात म्हणतात, 'त्यांची संस्कृती वेगळी आहे हो.' पाचशे किलोमीटरवरची परकी भाषा आपली होते आणि चार हातांवरचं घर परकं ठरतं. तेव्हा संस्कृती हा शब्द आपण कशासाठी वापरतो आहोत, याचा प्रत्येकाने स्वतःशी विचार करावा.

२०१६चा 'सैराट' आपण सगळ्यांनी पाहिला. मंडळाच्या गणपतीत 'झिंगाट' लागलं की आजी-आजोबाही उठतात. पुढच्या वर्षी 'मनसु मल्लिगे' नावाने तो कन्नडमध्ये आला आणि रिंकू राजगुरूच पुन्हा नायिका होती. नागराज मंजुळे यांनी त्या कथेत जे मांडलं, ते या लेखाच्या अगदी मुळाशी आहे. पाटलाच्या घरची आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या पळून जातात ते हैदराबादला. तिथली भाषा त्यांना येत नाही, ओळखीचं कोणी नाही, राहायला झोपडपट्टी. आर्ची ती परकी भाषा शिकते, कारखान्यात कामाला लागते, संसार उभा राहतो, मूल होतं. परक्या मुलखाने त्यांना सामावून घेतलं. मग एक दिवस माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात येतात. आर्ची त्यांच्यासाठी चहा टाकते. पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. दूरच्या शहराची, दूरच्या भाषेची भिंत दोन पोरांनी कष्टाने ओलांडली, आणि त्यांचा जीव घेतला तो त्यांचीच भाषा बोलणाऱ्यांनी.

मालिकेतली पल्लवी ज्या कोलंबियात शिकवते, तिथेच मे १९१६मध्ये पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. त्यांचं निरीक्षण असं होतं की भारतातल्या लोकांची संस्कृती मुळात एकसंध आहे. या एकसंध समाजाचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्याने आपल्यातच लग्नं करायची, असा नियम घातला तेव्हा जात तयार झाली. म्हणजे संस्कृती वेगळी म्हणून लग्नं होत नाहीत असं नाही. लग्नं होऊ द्यायची नाहीत म्हणून वेगळेपण टिकवलं जातं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी लिहिलेलं भाषण आयोजकांना झेपलं नाही आणि १९३६मध्ये त्यांनी ते स्वतःच छापलं. त्यात जातीवरचा खरा इलाज म्हणून त्यांनी आंतरजातीय विवाहाकडेच बोट दाखवलं. एप्रिल १९४८मध्ये त्यांचा स्वतःचा दुसरा विवाह झाला तो डॉ. शारदा कबीर यांच्याशी, एका सारस्वत घरातल्या मुलीशी.

आपण ज्या राज्यात राहतो त्याच्या इतिहासात याहून जुनी साक्ष आहे. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, महात्मा बसवेश्वरांच्या शरणांमध्ये एक लग्न ठरलं. मुलीचे वडील मधुवरस जन्माने ब्राह्मण, मुलाचे वडील हरळय्या चर्मकार. दोघांची भाषा एक, देव एक, श्रद्धा एक. तरी बिज्जळ राजाने दोन्ही बापांना हालहाल करून मारलं, अशी परंपरा सांगते. त्यानंतरच्या दंगलीत शरणांची ती सगळी वसाहत उधळली गेली. गिरीश कार्नाडांनी १९९०मध्ये 'तलेदंड' हे नाटक लिहिलं ते याच घटनेवर. बसवकल्याणपासून महाराष्ट्राची हद्द फार लांब नाही. ही गोष्ट जितकी कन्नड माणसाची, तितकीच आपली आहे.

यावर मला नेहमी तीन उत्तरं मिळतात. मी ती मनापासून ऐकली आहेत, कारण ती देणारी माणसं वाईट नाहीत.

पहिलं उत्तर, 'संसारात खाणंपिणं, सणवार जुळायला लागतं.' लागतं, मान्य आहे. पण सांबार-रसम शिकलेल्या आपल्या लेकींनी, मराठी शिकलेल्या कन्नड सुनांनी, आठवड्यातून दोन दिवस वेगळा स्वयंपाक करणाऱ्या घरांनी सिद्ध केलं आहे की जुळवायचं ठरवलं की जुळतं. मग हा गुण एकाच दारापाशी का संपतो?

दुसरं उत्तर विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान'चा दाखला देतं. १९८३चं हे नाटक. समाजवादी नाथ देवळालीकरांची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवलेशी लग्न करते आणि मार खाते. 'बघा, असं होतं,' असं लोक म्हणतात. नाटक अस्वस्थ करणारं आहे आणि त्यावर वादही मोठे झाले. पण मला त्यात एका बापाची शोकांतिका दिसते. आपल्या तत्त्वाच्या हट्टापायी त्याने मुलीला प्रयोगाचं साधन केलं. बायकोला मारणारे नवरे सगळ्या जातींत आहेत. स्वजातीत, पत्रिका जुळवून, थाटात लावलेल्या लग्नांतून परत आलेल्या लेकी आपल्या मंडळातही आहेत. त्या वेळी त्या जातीत पुन्हा मुलगी द्यायची नाही, असं कोणी म्हणालं का?

तिसरं उत्तर सगळ्यांत जास्त ऐकू येतं. 'मुलांनी स्वतः ठरवलं तर आम्ही कुठे अडवतो?' नाही अडवत, हे खरं. पण अर्जातला तो एक शब्द मुलगा दहा वर्षांचा असल्यापासून घरात वावरत असतो. शेजारच्या लग्नावर जेवताना होणारी कुजबुज, आडनाव ऐकल्यावर पडणारा क्षणभराचा खंड, 'मार्क कमी असून प्रवेश मिळाला' हे वाक्य. मुलं हे सगळं टिपतात. मग ती प्रेमातही सुरक्षित अंतरावरच पडतात, आणि आपण म्हणतो, त्याने स्वतःच निवडली.

कायद्याने आपल्याला केव्हाच मोकळं केलं आहे. हिंदूंमधले आंतरजातीय विवाह १९४९च्या कायद्याने निर्विवाद वैध झाले. १९५४चा विशेष विवाह कायदा तर जात, धर्म काहीच विचारत नाही. तरी २०११-१२च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात शंभरातली जेमतेम पाच लग्नं आंतरजातीय निघाली. महाराष्ट्र सरकार अशा ठरावीक जोडप्यांना ५० हजार रुपये देतं. पण पैशाने नातेवाईक मिळत नाहीत.

विशेष विवाह कायद्याचं काम कसं चालतं, ते आपल्यापैकी ज्यांना ठाऊक नाही त्यांनी समजून घ्यावं. जोडप्यापैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. मग नोटीस द्यायची. ती कार्यालयाच्या फलकावर लागते आणि हरकतींसाठी पुन्हा तीस दिवस थांबायचं. घरून पाठिंबा असेल तर हे दिवस साड्या घेण्यात निघून जातात. पाठिंबा नसेल तर त्या फलकावर कोणाची नजर पडेल, या धास्तीत एकेक दिवस काढावा लागतो. शेवटी विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. दोन मित्र मिळतात. तिसरं माणूस, वयाने मोठं, घरातलं वाटेल असं, ते मिळत नाही.

आपलं मंडळ इथे काय करू शकतं, ते आता सांगते. माझ्या तीन मागण्या आहेत आणि त्या मी कार्यकारिणीपुढे लेखी ठेवल्या आहेत.

वधू-वर अर्जातला 'जात-पोटजात' हा रकाना काढावा. ज्यांना हवं ते एकमेकांना विचारतील, पण मंडळाने स्वतः ते विचारू नये. 'अपेक्षा' या रकान्यात कोणत्याही समाजाला नकार देणारं वाक्य असेल तर तो अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवावा. आणि मराठी जोडप्याला, मग ते कोणत्याही जातीचं असो, कोणत्याही विधीने लग्न लावणारं असो, सत्यशोधक, बौद्ध, नोंदणी पद्धत, काहीही, मंडळाने त्याच दरात, त्याच आपुलकीने मदत करावी. आपली सत्यनारायणाची पूजा होते, तशी बुद्धवंदनाही व्हावी. याच राज्यात कुवेंपूंनी पुरोहिताशिवायचं 'मंत्र मांगल्य' सुचवलं आणि १९६६मध्ये आपल्या मुलाचं, पूर्णचंद्र तेजस्वींचं लग्न त्याच साधेपणाने लागलं. फुल्यांच्या सत्यशोधक विवाहाची ही जवळची बहीण. दोन्ही घरचे वारसे आपल्याला लाभले आहेत, ते वापरू या.

राहिला तो अर्ज. हा लेख लिहिण्याआधी मी त्या आईंना फोन केला. बराच वेळ बोललो. 'मला तसं म्हणायचं नव्हतं, सगळेच लिहितात म्हणून लिहिलं,' असं त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, 'खोडायचं कसं? शाईने लिहिलंय.' मी म्हटलं, 'कोरा अर्ज पाठवते.' तो पाठवला आहे. त्या काय लिहून पाठवतील ते त्यांच्यावर आहे.

माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. या शहरात कुठल्याही मराठी मुला-मुलीला तिसऱ्या सहीसाठी माणूस हवं असेल, तर त्यांनी मला कळवावं. मी येईन, आणि येताना नवरीसाठी हिरव्या बांगड्या घेऊन येईन.