कॉफीनंतरची झोप : प्रकृती की निद्रेची उधारी?

‘कॉफी घेतली की झोप येते’ असे रुग्णाने सांगताच आपण कफप्रकृती, तंद्रा असे निदान करून मोकळे होतो. ही घाई उचित नव्हे.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचते आणि झोपेची ओढ वाढते. कॅफीन ते नष्ट करीत नाही. केवळ त्याची जागा अडवते. हा परिणाम जाणवण्यास साधारण अर्धा तास लागतो. तत्पूर्वी येणारी झोप ही मुळात थकव्याचीच असते. पुढे सुमारे ५ तासांत कॅफीनची निम्मी मात्रा ओसरते आणि साचलेले अ‍ॅडेनोसिन अंमल गाजवू लागते. धूम्रपानाने हा काळ घटतो, गर्भनिरोधक गोळ्यांनी लांबतो. सायंकाळची कॉफी मात्र रात्रीची निद्रा बिघडवते आणि उधारी वाढतच जाते.

चरकाचार्यांनी निद्रेला त्रयोपस्तंभांत स्थान दिले आहे. म्हणून औषध लिहिण्यापूर्वी रात्रीची झोप व कॉफीची वेळ अवश्य विचारावी. काही वेदनाशामक गोळ्यांतही कॅफीन असते, याची जाणीव औषधविक्रेत्यांनी ग्राहकास द्यावी. रात्री वाहन चालविणाऱ्यास तर स्पष्ट सांगावे : कॉफी ही निद्रेचा पर्याय नव्हे. येथे आपली हयगय कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.