हत्तीला न्याय, माणसाला अफवा

आमचे एक स्नेही बजावतात, "साहसकथा वाचताना इतिहासाची चिकित्सा करू नये, रसभंग होतो." आम्हांला हे मुळीच मान्य नाही.

ज्यूल व्हर्नची १८७२ सालची 'ऐंशी दिवसांत जगाची प्रदक्षिणा' ही कादंबरीच घ्या. वृत्तपत्रे म्हणतात, हिंदुस्थानातला लोहमार्ग पुरा झाला. फॉगसाहेबांची गाडी मात्र वाटेतच थांबते, कारण पुढे रूळच नाहीत! आमचा बीडकर वाचक इथे खदखदून हसेल. त्याच्या शहरातून प्रवासी गाडी सुटू लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी! वास्तविक मुंबई-कलकत्ता मार्ग १८७० मध्येच जबलपूरला जोडला गेला होता. पण ही चूक आम्ही आनंदाने माफ करतो. तिने कोणाची अब्रू जात नाही, आणि तिच्यामुळेच कियूनी हत्ती कथेत येतो.

आणि काय तो हत्ती! मालक त्याला साखर-लोणी चारून लढाईसाठी मस्तवाल करू पाहतो. पण ते शिक्षण अर्धेच झाल्याने त्याची मूळची सौम्यता शाबूत आहे. फॉगसाहेब त्याला दोन हजार पौंडांना विकत घेतात. निरोपाच्या वेळी नोकर पासपार्तू साखर देतो, तेव्हा हत्ती त्याला सोंडेने अलगद उचलतो. दसरा-दिवाळीनंतर बैलगाडी जुंपून ऊसतोडीला निघणारा आमचा गडी हे ऐकून मान डोलावील. जनावरालाही स्वभाव असतो, हे त्याला सांगावे लागत नाही.

पण माणसांचे काय? मालेगाव ओलांडताच लेखकाला दिसतो तो ठगांचा रक्ताळलेला मुलूख. शेजारचे औरंगाबाद, निजामाचे राज्य, म्हणजे त्या वेळचे आमचे बीडही, त्याच काळ्या सावलीत! ज्या फिरंगिया ठगाचे नाव तो घेतो, तो १८३० मध्येच पकडला गेला होता. खानदेशच्या वाटेवर लवंग-जायफळाचे मळे पिकवणाऱ्या या लेखकाला ज्वारी राखणारा एकही कुणबी दिसू नये?

स्नेह्यांनी सांगावे, हत्तीविषयी इतके जाणणाऱ्याला माणसाविषयी ऐकीव गोष्ट कशी पुरली?

म्हणून पुस्तक टाकून द्यायचे नाही. यंदाच्या सुट्टीत ते मुलांना जरूर वाचून दाखवा. मात्र नकाशा उघडून, शंका विचारू देऊन. कियूनीवर त्यांनी मनमुराद प्रेम करावे, आणि आपल्या आजोबा-पणजोबांना ठग म्हणवून घेऊ नये. याने रसभंग होत असेल, तर तो रसच कच्चा होता!