पट्टीवरचा आकडा म्हणजे जन्मसाल नव्हे

१/ जुन्या बिलियर्ड्सच्या क्यूवर एखाद्या विक्रमाची पट्टी दिसली की त्या विक्रमाचे साल तिचे जन्मसाल ठरते. ही घाई घातक आहे. वस्तूचा काळ दोन मर्यादांनी ठरतो : ‘याच्या आधीची नाही’ आणि ‘याच्या नंतरची नाही’.

२/ उदाहरण भंडाऱ्याचेच. कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या इ. स. १११४ च्या रतनपूर शिलालेखात ‘भाणार’ हे नाव येते. म्हणून भंडारा १११४ मध्ये वसले, असे कोणी म्हणत नाही. तोवर ते नाव रूढ होते, एवढेच सिद्ध होते.

३/ क्यूच्या पट्टीचे तर्कशास्त्र नेमके उलटे. वॉल्टर लिंड्रमने जानेवारी १९३२ मध्ये लंडनला ४,१३७ गुणांचा ब्रेक केला. तो आकडा कोरलेली पट्टी १९३२ च्या आधीची असू शकत नाही. नंतरची मात्र कितीही असू शकते. जो डेव्हिसच्या १४७ च्या ब्रेकचेही तसेच : तो २२ जानेवारी १९५५ चा.

४/ मग मुठीकडचा सांधा पाहावा. फिकट अ‍ॅशमध्ये काळे एबनी हाताने सांधले असेल, तर टोके कमानीसारखी गोलसर दिसतात. यंत्राच्या सांध्यात ती करवतीच्या दातांसारखी अणकुचीदार असतात. पण हातसांधा आजही घातला जातो. तो पद्धत सांगतो, वय नव्हे.

५/ शिवाय टोकाचे चामडे झिजते, बदलले जाते. एकसंध क्यू मागाहून मधोमध कापून तिला पितळी आट्यांचा जोड बसवता येतो. एकाच वस्तूत अनेक काळ नांदतात.

६/ पेटीवरचा पत्ता अधिक बोलका. ‘भंडारा, मध्य प्रदेश’ हा पत्ता २६ जानेवारी १९५० ते ३१ ऑक्टोबर १९५६ या काळातच खरा होता. त्याआधी जिल्हा मध्य प्रांतात होता. पुढे मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. अर्थात पेटी क्यूपेक्षा नवी असू शकते, हे विसरू नये.

७/ हा काटेकोरपणा कशासाठी? याच मध्य प्रांतातील जबलपूरला १८७५ मध्ये स्नूकरचा जन्म झाला, असे सामान्यतः मानले जाते. त्यामुळे या भागातील प्रत्येक जुनी क्यू ‘स्नूकरच्या जन्मकाळची’ ठरवण्याचा मोह प्रबळ असतो. एकाने लिहिलेले साल दहाजण उतरवतात, आणि दंतकथा पुरावा बनते.

८/ त्याहून मोठी हानी हौशी दुरुस्तीने होते. नवे वॉर्निश, घासलेली पट्टी, फेकलेली पेटी. यांबरोबर साक्षही जाते. वस्तू चकचकीत होते आणि मुकी होते.

९/ म्हणून नोंद अशी असावी : ‘पट्टी १९३२ नंतरची, पेटीवरचा पत्ता १९५०–५६ चा, लाकडाचा काळ अनिश्चित.’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. खोट्या नेमकेपणापेक्षा प्रामाणिक अनिश्चितता इतिहासाच्या अधिक उपयोगाची असते.