यंत्राची दिवेलागण

विटीदांडू असो, लगोरी असो की आट्यापाट्या असोत, अंगणातल्या खेळाला एक शेवट असे आणि तो कोणाला मुद्दाम आणावा लागत नसे. सूर्य मावळला की विटी दिसेनाशी होई. चेंडू शेजारच्या कौलांवर जाऊन बसला की डाव मोडे. एखाद्या भिडूला घरून हाक आली की गडी कमी पडे, आणि पाय तर केव्हाचेच दुखू लागलेले असत. दिवेलागणीला मुले घरी परतत, ती केवळ आज्ञाधारक होती म्हणून नव्हे. अंधारात खेळता येण्यासारखे फारसे काही उरत नसे म्हणून.

दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडतात त्या खेळाच्या यंत्राला, म्हणजे कन्सोलला, ही दिवेलागण ठाऊक नाही. पडद्यावरचे मैदान मध्यरात्रीही लख्ख असते. तेथे चेंडू हरवत नाही आणि गडी थकत नाहीत. एका देशातले भिडू झोपले, तर दुसऱ्या देशातले नुकतेच जागे झालेले असतात. एक टप्पा संपतो न संपतो तोच पुढचा टप्पा खुणावू लागतो. आज खेळला नाहीत तर आजचे बक्षीस बुडेल, अशी आठवण देणारे खेळही पुष्कळ आहेत. तेव्हा 'अजून पाचच मिनिटे' असे विनवणारा मुलगा हट्टीच असतो असे नाही. ज्या खेळाला शेवट नाही, त्याच्या ऐन मध्यावर तो सापडलेला असतो.

ही उणीव यंत्र करणाऱ्यांनाही उमगलेली आहे, आणि म्हणूनच बहुतेक कन्सोलमध्ये पालकांच्या हाती नियंत्रण देण्याची सोय केलेली असते. जपानमधील क्योतो येथील निन्टेंडो कंपनीने मार्च २०१७ मध्ये स्विच हे यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्याच्या जोडीला पालकांच्या मोबाईलसाठी एक ॲपही दिले. त्याची ओळख करून देणाऱ्या चित्रफितीत मारिओच्या खेळांतला उग्र खलनायक बाउझर हा आपल्या लेकाच्या खेळाची वेळ ठरविताना दाखविला आहे. खलनायकालाही बापाची काळजी चुकली नाही! या ॲपमधून दररोजच्या खेळाची मर्यादा ठरविता येते. सोमवारी एक आणि रविवारी निराळी, अशीही ठेवता येते. मर्यादा संपली की पडद्यावर तशी सूचना झळकते. परंतु त्या वेळी खेळ आपोआप बंद पडत नाही. तो तत्क्षणी थांबावा अशी इच्छा असेल, तर पालकांना तशी वेगळी निवड करावी लागते. सोनीच्या प्लेस्टेशनवरही असेच दोन मार्ग आहेत: नुसती सूचना देणे, किंवा खेळणाऱ्याला थेट बाहेर काढणे.

एक घंटा आणि एक कुलूप. या दोहोंपैकी आधी घंटा निवडावी, हेच शहाणपणाचे. अंगणात दिवेलागण कधी एकाएकी होत नसे. आधी सावल्या लांबत, मग आभाळ तांबडे होई, मग कोठे अंधार पडे. तेवढ्या वेळात हातातला डाव पुरा करता येई. कुलपाला ही सांज नाही. चार मित्र मिळून सामना खेळत असताना त्यांतला एक जण मध्येच नाहीसा झाला, तर बाकीचे तिघे हरतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचा जाब विचारतात. काही खेळांत ठरावीक ठिकाणी पोहोचल्याशिवाय केलेली प्रगती जतन होत नाही. तेथे एका कळीसरशी तासाभराची मेहनत वाया जाते. मोठ्यांना ही हानी क्षुल्लक वाटते. मुलाला ती तशी वाटत नाही. अर्धी काढलेली रांगोळी कोणी पायाने पुसली, तर जो संताप येईल तोच हा संताप होय. म्हणून घंटा वाजावी, हातातला डाव संपविण्यास दहा मिनिटे मिळावीत आणि मग यंत्र मुलानेच बंद करावे. जो मुलगा आठ दिवस सतत घंटा ऐकूनही न ऐकल्यासारखे करील, त्याच्यासाठी कुलूप आहेच. आणि ते लागले तर त्याला तक्रारीस जागा नाही.

मात्र घंटा असो वा कुलूप, ते चोरून लावू नये. मूल कोणता खेळ किती वेळ खेळले याचा वृत्तांत पालकांच्या मोबाईलवर येत असतो. तो येतो हे मुलाला ठाऊक असले पाहिजे. ठाऊक नसता एखाद्या दिवशी भर जेवणात 'काल पावणेदोन तास खेळलास ना?' असे ऐकावे लागले, तर त्याला नियम दिसत नाही, पाळत दिसते. मग तोही गुप्त आकडे हेरू लागतो, वडिलांच्या खांद्यावरून डोकावू लागतो. लपवाछपवीत मुले मोठ्यांना फार काळ मागे राहू देत नाहीत. शिवाय ज्यांच्या खिशात ही किल्ली असते, त्यांच्या स्वतःच्या मोबाईलला रात्री कोणतीच घंटा नसते, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. ते सुटावे असेही नाही.

हे काम घरावर न सोडता सरकारनेच का करू नये, असे कोणी म्हणेल. तसे प्रयत्न झाले आहेत. दक्षिण कोरियाने २०११ साली कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत इंटरनेटवरील खेळ बंद केले. काही मुले आईवडिलांच्या नावाने खेळू लागली. अखेर २०२२ च्या आरंभी तो निर्बंध उठला, आणि मुलाने किंवा पालकांनी मागणी केल्यास वेळ बांधून देण्याची पद्धत तेवढी राहिली. चीनने २०२१ साली याहून कडक नियम केला: अठरा वर्षांखालील मुलांनी असे खेळ केवळ शुक्रवारी, शनिवारी, रविवारी आणि सार्वजनिक सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ या तासातच खेळावेत. सरकारचे घड्याळ सर्वांसाठी एकच वाजते. कोणाची परीक्षा कालच संपली, कोण तापाने आठ दिवस अंथरुणावर पडून आहे, कोणाचा मामेभाऊ वर्षातून एकदा राहायला आला आहे, हे त्या घड्याळाला कळत नाही; घराला ते कळते.

मुलांना मात्र या साऱ्या बंधनांचा रोख आपल्यावरच आहे असे वाटत राहते. तो समज पुरता खरा नाही. वेळेची घंटा मुलासाठी असते, पण पैशाचे कुलूप दुकानदारासाठी असते. फोर्टनाइट हा खेळ चालविणाऱ्या एपिक गेम्स कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने केलेल्या आरोपांत असे होते, की एका कळीच्या दाबासरशी पैसे कापले जात आणि मुले पालकांच्या संमतीवाचून खरेदी करू शकत. तसेच अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय मुलांसाठीही आरंभापासूनच सुरू ठेवलेली होती. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने एकूण ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, त्यांतले २४.५ कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी होते. खरेदीला आणि अनोळखी संभाषणाला कुलूप असावे, याविषयी म्हणूनच घरात फार वाद होऊ नये. तेथे घंटा पुरणार नाही.

खेळाच्या वेष्टनावरील वयाचा आकडाही असाच उगाच बदनाम झाला आहे. युरोपात २००३ पासून ३, ७, १२, १६ आणि १८ असे आकडे छापले जातात. खेळ किती अवघड आहे हे ते सांगत नाहीत. त्यात रक्तपात, भीती वा शिवीगाळ अशा गोष्टी किती आहेत हे सांगतात. फुटबॉलचा अत्यंत कठीण खेळ ३ च्या आकड्याचा असू शकतो, आणि पोरकट सोपा खेळ १८ चा. तेव्हा १६ चा खेळ बाराव्या वर्षी नाकारला गेला, तर त्यात मुलाच्या बुद्धीचा अपमान नसतो.

आता प्रश्न एवढाच उरतो, की वेळ ठरवावी कोणी. एखाद्या रविवारी सकाळी चहाच्या वेळी घरातल्या सर्वांनी मिळून ती ठरवावी. मुलगा रविवारसाठी तीन तास मागेल, आई एक म्हणेल, आजी मध्येच 'डोळे बिघडतील' असे बजावील, आणि दीड तासावर सौदा पटेल. शाळेच्या दिवसांचे कमी, सुटीचे थोडे अधिक. दिवाळीच्या सुटीत पुन्हा बसून हे आकडे नव्याने पाहावेत. सहामाहीत घंटा ऐकून यंत्र बंद करणाऱ्याला पाऊण तासाचा एक तास मागण्याचा हक्क असावा. ठरलेले आकडे ॲपमध्ये मुलानेच आपल्या हाताने भरावेत. गुप्त आकडे आई भरीत असताना मात्र त्याने तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहावे.