साइटवर कोण जाणार?

ए. ललिता 1943 साली मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून विद्युत अभियंता होऊन बाहेर पडल्या. त्यांच्या पदवीपत्रावरचा छापील पुल्लिंगी शब्द खोडून वर हाताने स्त्रीलिंगी शब्द लिहिला होता, ही हकिकत आता महिलादिनाच्या भाषणांत हमखास येते. जास्त बोलके तपशील मात्र मागे राहतात. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरी चार महिन्यांची मुलगी. डॉक्टर होण्याचा विचार त्यांनी बाजूला सारला, कारण रात्री-अपरात्री बोलावणे आले तर तान्ह्या लेकराला टाकून जावे लागले असते. अभियांत्रिकीत निदान कामाच्या वेळा ठरलेल्या. यंत्रांची ओढ असेलही, पण ही निवड घड्याळाकडे पाहून झाली होती. आणि ती शक्य झाली, कारण वडील पप्पू सुब्बाराव त्याच महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे त्यांनी शब्द टाकला आणि दार उघडले. त्याच दारातून लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया आल्या. थ्रेसिया 1971 मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

ललितांनी पुढे कोलकात्यात भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या वीजवाहिन्यांचे आराखडे केले. हे काम त्यांनी केले ते कार्यालयात बसून. एकट्या विधवेने साइटवर मुक्काम करत फिरावे, हे त्या काळी खपण्यासारखे नव्हते. स्त्री-अभियंत्यांच्या पुढच्या सगळ्या इतिहासाचा पेच इथेच आहे. कागदावरचे काम तिला मिळाले, पण जिथे माती, ग्रीस आणि रात्रपाळी असते तिथे जायला तिला मज्जाव राहिला.

याला आपल्याकडचा ठसठशीत अपवाद शकुंतला भगत यांचा. 1953 साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून त्यांनी स्थापत्यची पदवी घेतली, पुढे पवईच्या आयआयटीत शिकवले आणि पती अनिरुद्ध यांच्यासह पूलबांधणीची ‘क्वाड्रिकॉन’ पद्धत उभी केली. कल्पना मेकॅनोसारखी: ठरावीक मापांचे पोलादी सुटे भाग कारखान्यात करायचे, ट्रकवर घालून डोंगरात न्यायचे आणि जागेवर जोडून हव्या त्या लांबीचा पूल उभारायचा. अवजड यंत्रे जिथे चढत नाहीत, तिथे ही युक्ती कामी आली. 1972 मध्ये हिमाचलातल्या स्पितीत त्यांचे पहिले पूल उभे राहिले. पण शकुंतलाबाईंचे वडील कोण? पूलबांधणीतले नामवंत अभियंते एस. बी. जोशी.

यात त्यांच्या कर्तृत्वाला उणेपणा आणण्याचा हेतू नाही. पण प्रेरणेच्या गोष्टी सांगताना घरातला अभियंता आपण गाळतो आणि सगळे श्रेय ‘जिद्दी’च्या खात्यावर जमा करतो. मग ज्या मुलीचा बाप शेतकरी किंवा गिरणी कामगार, तिच्यात जिद्द कमी होती असा अर्थ निघतो. महर्षी कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी जी संस्था काढली, तिनेच 1991 मध्ये पुण्यात मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. प्राध्यापक बाप नसलेल्या मुलीसाठी अशी संस्थाच शब्द टाकते. मधली 95 वर्षे मात्र हिशेबात धरावी लागतात.

आणि जिद्द कायद्यापुढे कितीशी चालणार? 1974 मध्ये ‘टेल्को’च्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. सुधा मूर्तींनी त्यावर जे. आर. डी. टाटांना धाडलेले पोस्टकार्ड आता घरोघरी माहीत आहे. ती अट एका कंपनीची होती, एका पत्राने हलली. 1948 च्या कारखाने कायद्याने स्त्रियांना रात्रपाळीला मनाई केली होती, ती पोस्टकार्डाने हलणारी नव्हती. जिथे यंत्रे चोवीस तास फिरतात, तिथे पाळीचा प्रमुख होऊ न शकणाऱ्या अभियंत्याला बढती कोण देणार?

ही मनाई स्त्रीच्या काळजीपोटी होती, असे सांगितले जाते. खाणींचा इतिहास पाहिला की ही काळजी किती लवचीक होती ते कळते. स्त्री-मजूर पूर्वी कोळसाखाणींत सर्रास उतरत. 1929 च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचे ठरले. मग महायुद्धात कोळसा कमी पडला आणि 1943 मध्ये, म्हणजे ललितांच्या पदवीच्याच वर्षी, सरकारने बंदी उठवली. तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. मध्यवर्ती कायदेमंडळात टीका झाली, तेव्हा त्यांनी युद्धाची निकड मांडली आणि पुरुषांइतक्याच मजुरीचे तत्त्वही. युद्ध संपले, 1946 मध्ये बंदी परत आली. 1952 च्या खाण कायद्याने तिच्यावर शिक्का मारला. टोपली उचलायला बाई हवी असताना खाण तिच्यासाठी धोक्याची नव्हती; छताचा भार मोजायला ती जाऊ लागेल, तोवर धोका कायद्यात लिहून झाला होता.

जानेवारी 2019 मध्ये केंद्राने तांत्रिक व देखरेखीच्या कामासाठी स्त्रियांना खाणीत उतरण्याची मुभा दिली. वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात, लेखी संमती आवश्यक, आणि एका पाळीत किमान तिघी असाव्यात ही अट. ज्या खाणीत एकच स्त्री-अभियंता नेमलेली असेल, तिथे उरलेल्या दोघी कुठून आणायच्या, हे अधिसूचनेत लिहिलेले नव्हते.