पुण्याहून येणारी प्रश्नपत्रिका



2023-24 सालापासून आपल्या शाळेत वर्षातून तीन वेळा प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा येतो. पायाभूत चाचणी, मग संकलित एक आणि शेवटी संकलित दोन. मराठी, गणित आणि इंग्रजी हे विषय. हे पेपर आपले गुरुजी काढत नाहीत. ते पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येतात. आपल्या इयत्तेच्या साऱ्या राज्यातल्या मराठी शाळांना तोच पेपर. काही पालक म्हणतात, ही नसती कटकट कशाला? मला तसे वाटत नाही.

पूर्वी बाजारात ज्याचा त्याचा शेर असायचा, असे आजोबा सांगतात. एका गावचा शेर भरला की दुसऱ्या गावी तोच कमी भरायचा. आपल्या प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीचे तसेच होते. इथला अ-2 आणि तालुक्याच्या शाळेतला अ-2 सारखाच, हे कुणी सांगावे? एकच माप असले तर आपण कुठे आहोत ते निदान कळते तरी.

पण माप घेऊन पुढे काय? गुरुजी गुण मोबाइलवर भरतात, ते वर जातात. घरी मात्र एकच प्रश्न, “किती पडले?” किती पडले हे कळून आईला काय समजणार? हातच्याची वजाबाकी चुकली की उदाहरणच वाचता आले नाही, हे उत्तरपत्रिका पाहिल्यावरच कळते. आणि फळ्यावर गुणांची यादी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खाली नाव असलेला मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही, मग शिकवायचे कुणाला?

शिवाय कागदावर सगळे मावत नाही. माझ्या वर्गातला एक जण साडेतीन टन उसाचे 366 रुपये दराने 1281 होतात, हे तोंडी सांगतो. गुरुजी खडू शोधेपर्यंत उत्तर तयार! लेखी पेपरात मात्र तो अडतो, कारण त्याचे वाचन कच्चे आहे. त्याला गणित येत नाही असे म्हणायचे का? म्हणून तर 2010 पासून आपल्याकडे आकारिक मूल्यमापन आहे. निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प हे सगळे त्यात येते. पहिली-दुसरीला त्याचे वजन 70 टक्के, सातवी-आठवीला 40. नवी चाचणी आली म्हणून गुरुजींची ती नोंदवही कपाटात जाऊ नये.

आता खरी अडचण सांगते. दिवाळी झाली की आपल्या गावातले कोयते कारखान्याला जातात. आजी-आजोबा असतील किंवा हंगामी वसतिगृह असेल तर पोरं मागे राहतात, नाहीतर आईबापाबरोबर फडावर. पायाभूत चाचणीला आमच्या बाकावर तिघी होतो. संकलित एकला मी एकटीच! पट्टा पडल्यावर त्या परत येतील तेव्हा संकलित दोन त्यांना तशीच द्यावी लागेल. मधले पाच महिने काय शिकल्या, काय बुडाले, कुणालाच ठाऊक नाही. मग त्यांचे गुण कमी आले तर तो दोष त्यांचा कसा?

स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळते. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येते. माझी सूचना अशी, की पायाभूत चाचणीत काय आले आणि काय राहिले ते त्या कार्डावरच दोन ओळींत लिहावे. नुसता आकडा नको. तिथल्या गुरुजींना पहिल्याच दिवशी कळेल की हिला भागाकारापासून शिकवायचे आहे. चाचणी तिने तिथे दिली तर तेही कार्डावर यावे. कार्ड मात्र पालकांनी नीट सांभाळले पाहिजे. पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवले तर भिजत नाही.

पुढच्या पालकसभेत उत्तरपत्रिका टेबलावर ठेवाव्यात, असे मी बाईंना विचारले आहे. त्या “बघू” म्हणाल्या आहेत. ठेवल्या तर पालकहो, आपापल्या मुलाची मागून घ्या. वाचता येत नसेल तर त्यालाच वाचून दाखवायला सांगा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी