सत्कार्यालाही हिशेब द्यावा लागतो

२२ फेब्रुवारी २०२० रोजी ‘ला आर्श’ ह्या जगविख्यात संस्थेने स्वतःच्याच दिवंगत संस्थापकाविषयीचा चौकशी अहवाल जगापुढे ठेवला. संस्थापकाचे नाव जाँ व्हानिये. ७ मे २०१९ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी ते निवर्तले तेव्हा कित्येकांनी त्यांना संत मानून निरोप दिला होता. त्यानंतर वर्ष पुरे होण्याच्या आतच त्यांच्याच कुटुंबाने त्यांच्याविषयीचे कटू सत्य उच्चारले. ह्या घटनेला आता काही वर्षे लोटली आहेत. तिचा धडा मात्र जुना झालेला नाही. जेथे जेथे माणसे एखाद्या उदात्त ध्येयासाठी एकत्र येतात, तेथे तेथे तो लागू आहे.

व्हानिये हे कॅनडाच्या एका माजी गव्हर्नर जनरलचे पुत्र. तरुणपणी ते नौदलात होते. पुढे त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. १९६४ साली फ्रान्समधील त्रोली-ब्रुई ह्या खेड्यात त्यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या दोन व्यक्तींना आपल्या घरी राहावयास आणले. त्या घरास त्यांनी ‘ला आर्श’ म्हणजे ‘तारू’ असे नाव दिले. उपकारकर्ता आणि उपकृत असा भेद न ठेवता एका छताखाली, एका मेजाभोवती जगणे, ही ह्या चळवळीची कल्पना. आज तिच्या दीडशेच्या आसपास वसाहती जगभर आहेत. आपल्या देशात १९७० साली बंगळूर येथे ‘आशा निकेतन’ ह्या नावाने तिचे पहिले घर उघडले. व्हानियेंचे ग्रंथ सेमिनरींत आणि व्रतस्थांच्या मठांत आदराने वाचले जात. २०१५ साली त्यांना टेम्पलटन पुरस्कार मिळाला.

२०२० च्या अहवालातून निष्पन्न झाले ते असे : १९७० ते २००५ ह्या काळात व्हानिये ह्यांनी किमान सहा स्त्रियांशी, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून, लैंगिक संबंध ठेवले होते. ह्या स्त्रिया सज्ञान होत्या, अपंग नव्हत्या. परंतु मार्गदर्शक आणि मार्गदर्शन घेणारी ह्यांच्या नात्यात बरोबरी नसते, म्हणून त्या संबंधांना संमतीचे म्हणता येत नाही. व्हानियेंचे गुरू, डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू थोमा फिलिप, ह्यांच्यावर अशाच वर्तनासाठी १९५६ साली रोमने कारवाई केली होती. त्यांच्या कृत्यांची आपणास कल्पना नव्हती, असे व्हानिये सांगत आले. ते खरे नव्हते. ‘ला आर्श’ने त्यानंतर इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र, ईश्वरज्ञान इत्यादी शाखांतील अभ्यासकांचा आयोग नेमला. जानेवारी २०२३ मधील त्याच्या विस्तृत अहवालाने १९५२ ते २०१९ ह्या काळातील किमान २५ स्त्रियांची नोंद केली.

येथे वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहतो. इतकी वर्षे हे कोणालाच कसे दिसले नाही? वस्तुतः काहींना दिसले होते. काही स्त्रियांनी बोलण्याचा प्रयत्नही केला होता. पण सत्कार्याच्या वर्तुळात बोलणे हे इतरत्र बोलण्यापेक्षा कठीण असते, आणि त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण म्हणजे कार्याची पुण्याई. जो दुर्बळांसाठी आयुष्य वेचतो तो दुर्बळाला इजा कशी करील, असे आपण गृहीत धरतो. त्यामुळे तक्रार करणारीच संशयास्पद ठरते. दुसरे कारण म्हणजे पीडितेची स्वतःची निष्ठा. आपण बोललो तर देणग्या आटतील, विरोधकांना आयते कोलीत मिळेल, ज्यांच्यासाठी हे कार्य उभे आहे त्या गरिबांचे नुकसान होईल, ह्या विचाराने ती गप्प बसते. तिच्या चांगुलपणाचाच येथे तिच्याविरुद्ध वापर होतो. तिसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. कार्यालयात वरिष्ठ, मित्र, धर्मगुरू आणि घरमालक ही चार वेगवेगळी माणसे असतात. चळवळीत अनेकदा ही चारही नाती एकाच व्यक्तीत एकवटतात. मग तिच्याविरुद्ध तक्रार न्यावी तरी कोणाकडे? कार्यकर्ती बाहेर पडते तेव्हा तिची केवळ नोकरी जात नाही; तिचे घर, सोबती आणि जीवनाचा अर्थ असे सारेच एकदम सुटते.

हा दोष केवळ धार्मिक संस्थांचा आहे असे मात्र नाही. जानेवारी २०१० मधील भूकंपानंतर हैती देशात मदतकार्य करणाऱ्या ऑक्सफॅम ह्या ब्रिटिश संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांनी तेथे पैसे देऊन शरीरसंबंध ठेवले होते. २०११ साली अंतर्गत चौकशी झाली. काहींना काढून टाकण्यात आले, तर काहींना राजीनामा देऊन निघून जाण्याची मुभा मिळाली. जनतेला खरा प्रकार फेब्रुवारी २०१८ मध्ये, लंडनच्या वृत्तपत्रातून कळला. जून २०१९ मध्ये तेथील धर्मादाय आयोगाने संस्थेला अधिकृत ताकीद दिली. कार्य वाचविण्यासाठी पाळलेल्या मौनाने कार्याचीच अधिक हानी केली.

आपल्या देशातील कायद्याचा उगमही एका कार्यकर्तीच्या यातनांत आहे, हे विसरून चालणार नाही. भंवरी देवी ह्या राजस्थानातील भटेरी गावच्या. शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात त्या ‘साथिन’ म्हणून काम करीत. बालविवाह रोखण्याच्या कामामुळे चिडलेल्यांनी १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केल्याचा आरोप आहे. १९९५ साली कनिष्ठ न्यायालयाने बलात्काराच्या आरोपातून सर्वांना मुक्त केले. परंतु ह्या घटनेने एक प्रश्न उभा केला : जी बाई कामासाठी गावात उभी राहते, तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची? महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि त्यांतूनच कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आकारास आला.

ह्या कायद्याची ओळख आपल्या संस्थांना अद्याप अपुरी आहे. तो केवळ कंपन्यांसाठी नाही. न्यास, सोसायटी, बिगरसरकारी संस्था त्याच्या कक्षेत येतात. कर्मचारी ह्या शब्दाच्या व्याख्येत विनावेतन, स्वेच्छेने काम करणाऱ्यांचाही समावेश आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला असावी, निम्म्याहून कमी महिला नसाव्यात आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा असावा. दहापेक्षा कमी माणसे असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीची मुदत साधारणतः तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असल्यास ती आणखी तीन महिने वाढविता येते. बालकांच्या बाबतीत २०१२ चा पोक्सो कायदा अधिक कठोर आहे. गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळविणे हाच त्यात अपराध आहे.

तरीही कायद्याच्या हाताला मर्यादा आहेत. ज्या संघटनेत मालक आणि नोकर असे नातेच नसते, तेथे तो लावणे कठीण जाते. राजकीय पक्षांना ह्या कायद्याखाली आणावे अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्य केली नाही. मग एखाद्या आंदोलनासाठी जमलेली तरुण मंडळी, शिबिरे, पदयात्रा, धरणे ह्यांचे काय? तेथे कोणी नेमणूकपत्र देत नाही. तेथे संघटनेने स्वतःहूनच नियम घालून घेतले पाहिजेत.

ते नियम फार अवघड नाहीत. तक्रार ऐकणारी व्यक्ती आणि संघटनेचा नेता ह्या दोन भिन्न व्यक्ती असाव्यात, आणि तक्रार ऐकणाऱ्यांत एक तरी बाहेरची असावी. तिचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक शिबिराच्या पहिल्याच दिवशी सर्वांना सांगावा. तक्रार लेखी नोंदवावी, गोपनीय राखावी, ठराविक मुदतीत निकालात काढावी. चौकशी चालू असताना आरोप असलेल्याने पदावरून दूर राहावे. मुक्कामाची, प्रवासाची आणि एकट्याने भेटण्याची पद्धत आधीच ठरलेली असावी. गुन्हा घडला असेल तर समितीने स्वतः न्यायाधीश न होता पोलिसांकडे जाण्यास पीडितेला साथ द्यावी.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. खोट्या तक्रारी झाल्या तर? विरोधकांनी नेत्याला बदनाम करण्यासाठी हे हत्यार वापरले तर? हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. प्रस्थापितांशी झुंजणाऱ्यांना बदनाम करण्याचे प्रयत्न होत असतात. पण त्यावर उपाय मौन हा नव्हे. जेथे चौकशीची नीट व्यवस्था नसते तेथे कुजबुज हीच चौकशी होते, आणि कुजबुजीत निर्दोष माणसाला आपली बाजू मांडण्याची संधी कधीच मिळत नाही. निःपक्ष व्यवस्था पीडितेचे रक्षण करते, तसेच निरपराध्याचेही करते.

ख्रिस्तसभेनेही ह्या दिशेने, उशिरा का होईना, पावले टाकली आहेत. जून २०२१ मध्ये रोमने प्रापंचिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांतील नेतृत्वावर सलग दहा वर्षांची मर्यादा घातली. संस्थापकांना मात्र त्यातून सवलत मिळू शकते. अत्याचार आणि तो दडपणाऱ्यांविरुद्धचे २०१९ चे नियम पोप फ्रान्सिस ह्यांनी मार्च २०२३ मध्ये सुधारले आणि रोमची मान्यता असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनांचे प्रापंचिक प्रमुखही त्यांच्या कक्षेत आणले. आम्हा धर्मगुरूंना ह्या विषयावर बोलताना मान खाली घालूनच बोलावे लागते, कारण ख्रिस्तसभेतही अनेक ठिकाणी संस्थेचे नाव जपण्याला पीडितांच्या अश्रूंपेक्षा अधिक किंमत दिली गेली. म्हणूनच इतरांना उपदेश करण्याआधी आपल्या धर्मग्रामांतील युवक संघटना, महिला मंडळे, गायकवृंद आणि सामाजिक समित्या ह्यांच्यापासून आरंभ व्हावा.

वसईच्या भूमीने चळवळ जवळून पाहिली आहे. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली येथील सामान्य माणसांनी सत्तेला जाब विचारला. जाब विचारण्याची ही सवय आपण अंतर्मुख होऊनही जपली पाहिजे. दावीद राजा देवाचा निवडलेला होता. तरीही नाथान संदेष्टा त्याच्या दरबारात जाऊन त्याचे पाप त्याच्या तोंडावर सांगू शकला. दाविदाला सुधारण्याची वाट त्यामुळेच मिळाली. प्रत्येक संघटनेत नाथानाला आत येण्यासाठी एक दार उघडे असले पाहिजे.

‘ला आर्श’ बुडाले नाही. सत्य सांगितल्यावर अनेकांची मने दुखावली, परंतु घरे चालू राहिली. बंगळूरपासून त्रोलीपर्यंत ती मेजे आजही मांडली जातात. संस्थापकाची प्रतिमा भंगली, कार्य उरले, आणि ज्या स्त्रियांवर कोणी विश्वास ठेवला नव्हता त्यांचे म्हणणे अखेर नोंदले गेले. येत्या उन्हाळी शिबिरांची आखणी करताना आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक समितीने पहिल्याच बैठकीत एक प्रश्न विचारावा : येथे कोणावर अन्याय झाला, तर त्याने किंवा तिने कोणाकडे जावे? ह्या प्रश्नाचे उत्तर एका नावानिशी देता येत नसेल, तर शिबिराची तयारी अद्याप पूर्ण झालेली नाही.